“कसं झालंय?” विचारण्याआधी

लग्नानंतरची पहिली बावीस वर्षे मी ताटाच्या एकाच बाजूला बसून काढली. स्वयंपाक बायको करायची, मी जेवायचो आणि जेवता जेवता मत द्यायचो. “आज मीठ जरा पुढे आहे”, “कालच्यापेक्षा बरी आहे”, “ठीक आहे” अशी ती मते असत, आणि ती देताना आपण कोणाच्या जिव्हारी लागेल असे काही बोलत आहोत अशी शंकाही मला कधी आली नाही. उलट आपण मोकळेपणाने बोलतो, मनात काही ठेवत नाही, याचा थोडा अभिमानच वाटत असे. चार वर्षांपूर्वी तिच्या कामाच्या वेळा बदलल्या, माझे काम घरूनच होऊ लागले आणि रात्रीचा स्वयंपाक माझ्याकडे आला. पहिल्याच आठवड्यात, दोन तास खपून केलेल्या भाजीचा एक घास खाऊन ती म्हणाली, “ठीक आहे.” पुढचा घास माझ्या घशाखाली उतरेना. शब्द तेच, स्वरही तोच, बावीस वर्षे मी वापरलेला. तिने काही मुद्दाम उट्टे काढले नव्हते. ते शब्द तिलाही माझ्याकडूनच लागले होते.

त्यानंतरचे काही महिने मी अगदी वाईट स्वयंपाकी होतो असे नाही, पण वाईट ऐकणारा मात्र नक्की होतो. पाने वाढून झाली की मी “कसं झालंय?” असे विचारायचो आणि कोणाचाही पहिला घास पोटात जाण्याआधी त्यांच्या चेहऱ्यांकडे बघत बसायचो. एके रात्री मुलीने, ती तेव्हा पंधरा वर्षांची होती, घास हातात धरूनच मला उलट विचारले, “बाबा, तुला खरं सांगू की चांगलं सांगू?” मी अर्थातच “खरं” म्हणालो. तिने खरे सांगितले: भाजी पाणचट झाली होती आणि त्यातले बटाटे बाहेरून विरघळलेले, आतून कच्चे होते. मग मी तिला दिवसभर मला किती काम होते, बाजारातून येताना किती उशीर झाला आणि बटाटेच कसे खराब निघाले हे सगळे ऐकवले. ती शांतपणे म्हणाली, “मग विचारतोस कशाला?”

या प्रश्नाचे उत्तर मला बरेच दिवस सापडले नाही, आणि सापडले तेव्हा ते फारसे कौतुकास्पद नव्हते. “कसं झालंय?” या दोन शब्दांत मी एकाच वेळी दोन गोष्टी मागत होतो. एक मागणी पदार्थाविषयी होती: मीठ-तिखट बरोबर आहे का, शिजले आहे का, पुन्हा करावे का. दुसरी माझ्याविषयी होती: मी राबलो, हे तुमच्या लक्षात आले का. जेवणारा बिचारा पहिल्या प्रश्नाचे उत्तर देतो आणि करणारा दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर म्हणून ते ऐकतो. “मीठ कमी आहे” याचा अर्थ “तुझे दोन तास वाया गेले” असा मुळीच नसतो, पण उभे राहून पाय दुखलेल्या माणसाच्या कानात तो तसाच शिरतो.

हे कळल्यावर मी पहिल्यांदा दुसरी मागणी उघडपणे करून टाकली. एका सुट्टीच्या दिवशी सगळ्यांना सांगितले की, जेवायला बसल्यावर ज्याने केले त्याची दखल घ्यावी, मग पदार्थ कसाही असो. एखादे वाक्य पुरे, आणि ते चवीविषयी असण्याची गरज नाही. “आज बरंच केलंयस की” एवढे कोणी म्हटले तरी माझे काम होते. मागून घेतलेल्या कौतुकाला काय अर्थ, असे काही जणांना वाटेल. मलाही आधी तसेच वाटत होते. प्रत्यक्षात दखलीची सोय स्वतंत्रपणे लागल्यावर चवीविषयीच्या मतावरचे ओझे उतरले आणि ते मत नुसते चवीचे राहिले. न मागता ते मिळाले असते तर उत्तमच, पण माणसे भुकेली असताना त्यांच्याकडून शिष्टाचाराची अपेक्षा जरा जपूनच धरावी.

मतांच्या वेळेविषयीही आम्ही एक साधा संकेत ठरवला. जे ताटावरच दुरुस्त होण्यासारखे आहे ते लगेच बोलावे आणि जे आता दुरुस्त होणार नाही ते पुढच्या वेळी तो पदार्थ करण्याच्या आधी सांगावे. मीठ कमी, आंबटपणा हवा, गार झाले आहे, अजून शिजायला हवे, या गोष्टी पहिल्याच घासाला सांगितलेल्या बऱ्या, कारण मी उठून काहीतरी करू शकतो. तळाला लागून करपल्याचा वास सगळ्या पातेल्यात उतरला असेल, तर तो मलाही आलेलाच असतो आणि त्या क्षणी चौघांनी तो चार वेळा सांगून पातेले काही सुधारत नाही. “परवा करशील तेव्हा आच कमी ठेव” हे दोन दिवसांनी, मी कांदा चिरत असताना सांगितले, तर तीच गोष्ट मला टीकेऐवजी सूचना वाटते. खारटपणा या दोन्हींच्या मध्ये कुठेतरी बसतो. खारट रश्श्यात बटाटा टाकला की तो मीठ शोषून घेतो ही समजूत मीही अनेक वर्षे बाळगली होती. बटाटा शोषतो ते खारट पाणी, त्यातले फक्त मीठ वेचून घेत नाही, त्यामुळे मागे उरलेल्या रश्श्याचा खारटपणा जवळजवळ तेवढाच राहतो. उपाय एकच, बिनमिठाचे काहीतरी वाढवून तो पातळ करणे. म्हणजे “खारट आहे” हे ताटावर कळले तर निदान रस्सा अर्धा काढून त्यात गरम पाणी आणि उकडलेली भाजी मिसळता येते. सगळे जेवून उठल्यावर कळले तर फक्त वाईट वाटून घेता येते.

इथपर्यंतचे सगळे वागण्याबोलण्याचे झाले. पण मला सर्वांत जास्त शिकवले ते एका वेगळ्या गोष्टीने, आणि ती मला फार उशिरा समजली: चौघांच्या ताटात एकाच पातेल्यातले वाढले तरी चौघे एकच पदार्थ खात नसतात.

1931 साली आर्थर फॉक्स नावाचा रसायनशास्त्रज्ञ प्रयोगशाळेत एक पूड हाताळत असताना ती हवेत उडाली. शेजारच्या सहकाऱ्याने तोंड कडू झाल्याची तक्रार केली, फॉक्सला मात्र काहीच चव लागली नाही. दोघांनी ती पूड पुन्हा चाखून पाहिली तरी एकाला ती कडूजहर आणि दुसऱ्याला बेचव. पुढे हा फरक आनुवंशिक असल्याचे दिसून आले आणि 2003 मध्ये त्यामागचे जनुकही सापडले. असे कडवटपणाचे फरक आपल्या रोजच्या भाज्यांच्या बाबतीतही, कमी प्रमाणात का होईना, असतात. कोथिंबिरीचेही तसेच. काही लोकांना तिला साबणासारखा वास येतो, आणि 2012 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात या अनुभवाचा संबंध वास ओळखणाऱ्या एका जनुकातील फरकाशी आढळला. कोथिंबिरीच्या वासाला जी द्रव्ये कारण असतात, त्याच प्रकारची द्रव्ये साबणाच्या वासातही असतात. म्हणजे त्या लोकांचे नाक खोटे बोलत नसते. हे वाचल्यावर मला मुलीची आठवण आली, कारण ती लहानपणापासून कोथिंबीर निवडून ताटाच्या कडेला ठेवायची आणि मी तिला नखरे करू नकोस म्हणून दटावायचो. तिचे कारण हेच आहे की आणखी काही, हे मी तपासलेले नाही. दटावणे मात्र थांबवले.

तिखटाचे तर आणखीच निराळे. गोड, आंबट, खारट, कडू आणि 1908 साली जपानी रसायनशास्त्रज्ञ किकुनाए इकेदा यांनी ज्याला ‘उमामी’ हे नाव दिले ती मांसल, रसदार चव, या जिभेच्या चवी आहेत. तिखटपणा या अर्थाने चव नाहीच. मिरचीतले कॅप्सेसिन हे द्रव्य उष्णतेची आणि वेदनेची जाणीव देणाऱ्या मज्जातंतूंना चेतवते. ती जाणीव पकडणारा मज्जातंतूंवरचा ग्राहक (रिसेप्टर) 1997 मध्ये शोधला गेला आणि त्या शोधाबद्दल डेव्हिड ज्युलियस यांना 2021 च्या नोबेल पुरस्कारात वाटा मिळाला. रोज तिखट खाणाऱ्याच्या तोंडाला ती आग सवयीने कमी जाणवते. तेव्हा “मला तर काहीच तिखट लागत नाही” असे म्हणून धाकट्याच्या डोळ्यांतले पाणी खोटे ठरवणे म्हणजे, मला नाही दुखत म्हणून तुलाही दुखत नाही, असे म्हणण्यासारखे आहे. मी ते म्हटलेले आहे. आता पातेल्यात तिखट बेताचे घालतो आणि ज्याला हवे त्याने वरून घ्यावे अशी सोय ठेवतो.

माझ्या आईच्या मताची गोष्ट थोडी लांबण लावून सांगतो, कारण त्या बाबतीत मी सर्वांत चुकलो. ती आता अठ्ठ्याहत्तर वर्षांची आहे. स्वयंपाक माझ्याकडे आल्यापासून ती जवळजवळ रोज म्हणायची, “अळणी आहे रे.” बाकीच्या तिघांना मीठ बरोबर लागायचे, म्हणून मी असे धरून चाललो की, तिला माझा स्वयंपाकच पसंत नाही, किंवा मुलाने स्वयंपाक करावा हेच तिला रुचत नाही. सात-आठ महिने मी तो शब्द टोमणा म्हणून ऐकला आणि त्याला तशीच उत्तरे दिली. मग एकदा दूध नासल्याचा वास साऱ्या स्वयंपाकघरात पसरलेला असताना ती शेजारी बसून निवांतपणे चहा पीत होती, तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. वयानुसार वासाची जाणीव मंदावते आणि काही औषधांमुळेही तोंडाची चव बदलते. आपण ज्याला चव म्हणतो तिचा मोठा भाग खरे तर घशामागून नाकात चढणाऱ्या वासाचा असतो. सर्दीत सगळे बेचव लागते ते यामुळेच. आईला अन्न खरोखरच फिके लागत होते, आणि त्या फिकेपणाला तिच्याजवळ ‘अळणी’ हा एकच शब्द होता.

मीठ वाढवणे हा उपाय नव्हता. प्रौढ माणसाने दिवसाला 5 ग्रॅमपेक्षा कमी मीठ खावे असे जागतिक आरोग्य संघटना सांगते, आणि आईच्या डॉक्टरांनी तर तिला त्याविषयी वेगळी ताकीदच दिलेली आहे. म्हणून मी तिच्या वाटीत आंबटपणा आणि वास वाढवायला सुरुवात केली: वाढताना लिंबू पिळायचे, भाजलेल्या जिऱ्याची पूड वरून भुरभुरायची, आणि वाफ निघते आहे तोवरच वाटी तिच्यासमोर ठेवायची. कमी मिठाची सवय व्हायला काही आठवडे, कधी दोन-तीन महिनेही लागतात, पण ती होते. पाच-सहा आठवड्यांनी एके रात्री ती म्हणाली, “आज लागतंय काहीतरी.” तिच्याकडून मला मिळालेले ते पहिले अनुकूल मत होते, आणि त्यातला निम्मा वाटा लिंबाचा होता.

धाकट्याच्या बाबतीत मतावर काही बोलायचेच नाही, असे मी ठरवले आहे. साधारण दोन ते सहा वर्षांच्या मुलांना नवीन पदार्थाची एक स्वाभाविक धास्ती असते, तो सात वर्षांचा झाला तरी त्याची ती पुरती गेली नव्हती. अशा मुलांपुढे एखादा पदार्थ आठ-दहा किंवा त्याहूनही जास्त वेळा, जबरदस्ती न करता, थोडा थोडा आला तर तो त्यांच्या ओळखीचा होतो आणि पुष्कळदा आवडूही लागतो, असे 1980 च्या दशकापासूनच्या अभ्यासांतून दिसत आले आहे. त्यामुळे “शी!” हे मी मत न समजता मोजणी समजतो. एका विशिष्ट पालेभाजीचा आकडा आमच्याकडे अकरावर पोहोचला तेव्हा त्याने ती बिनबोभाट खाल्ली. दुसऱ्या एका भाजीचा आकडा विसाच्या पुढे गेला आहे आणि तिच्याबाबतीत मी हरलो आहे.

स्वयंपाक करणाऱ्याचे स्वतःचे मत तरी कितपत विश्वासाचे असते? तासभर त्याच वासात उभे राहिल्यावर नाक त्या वासाला सरावते आणि चाखून चाखून जीभही. आपल्याला पदार्थ फिका वाटून आपण मसाला वाढवतो, आणि बाहेरून आलेल्याला तो भपकन लागतो. मी आता गॅस बंद केल्यावर पाच मिनिटे गच्चीत जाऊन येतो, एक घोट पाणी पितो आणि मग चाखतो. एवढ्यानेही पुष्कळ फरक पडतो. अगदी रसरसत्या घासात मिठाचा अंदाज मला नीट येत नाही, म्हणून चमच्यातले किंचित निवू देतो.

बायकोची आणि माझी एक मोठी तक्रार मात्र नाकाने किंवा समजुतीने सुटली नाही, तिला प्रयोग करावा लागला. मी घरी मसाला दळण्याचा कंटाळा करून तयार पूड वापरायला लागल्यापासून रश्श्याला “काही जीवच नाही” असे ती म्हणत होती, आणि तिने मला पुडा उघडताना पाहिले आहे म्हणून तिला तसे वाटते, असे माझे म्हणणे होते. खाद्यपदार्थांची चाचणी करणारे लोक अशा वेळी तीन नमुने ठेवतात, त्यांतले दोन सारखे आणि एक वेगळा, आणि वेगळा कोणता ते ओळखायला सांगतात. नुसत्या अंदाजाने बरोबर येण्याची शक्यता तिनात एक असते. मी दोन छोट्या पातेल्यांत दोन मसाल्यांचा रस्सा केला, तीन सारख्या वाट्यांत भरला आणि मुलीने माझ्याही नकळत वाट्यांची अदलाबदल केली. असे आम्ही तीन वेगवेगळ्या दिवशी केले. बायकोने तिन्ही वेळा वेगळी वाटी अचूक उचलली. केवळ नशिबाने तसे घडण्याची शक्यता सत्तावीसात एक. मसाला दळला की त्यातली सुगंधी तेले उडून जायला लागतात, हे मला पुस्तकातून माहीत होते, पण तिला ते जिभेवर माहीत होते. तेव्हापासून मी मसाला पुन्हा घरी, लागेल तेवढाच दळतो.

काही मते पदार्थाविषयी नसतातच आणि त्यांच्यामागे फार वेळ घालवू नये. ऑफिसातून भांडून आलेल्याला काहीच गोड लागत नाही. “आई करते तशी नाही झाली” हे धाकट्याचे वाक्यही त्यातलेच. त्यात माझ्या भाजीविषयी थोडे आणि आई आता रात्री उशिरा घरी येते याविषयी जास्त असते. पहिल्यांदा मी त्याला त्यातला नेमका फरक विचारत बसलो होतो. आता म्हणतो, “खरंय, तिची वेगळीच होते,” आणि ती आल्यावर तिच्यासमोर हे त्याच्याकडून पुन्हा वदवून घेतो, म्हणजे निदान एका माणसाला तरी आनंद होतो.

“ज्याला स्वतःला करता येत नाही त्याने बोलू नये” हा युक्तिवाद मात्र मला पटत नाही. तो मी स्वतः रागाच्या भरात दोनदा वापरला आहे. जेवणाऱ्याला आपल्या तोंडात काय घडते ते सांगण्यासाठी चूल पेटवता येण्याची अट नाही. अडचण उलट जे काहीच बोलत नाहीत त्यांची असते. “काहीही चालेल” म्हणणारे आणि ताट चाटूनपुसून स्वच्छ करणारे लोक वाढणाऱ्याला अगदी अंधारात ठेवतात, कारण ताट संस्कारानेही स्वच्छ होते. पाहुण्यांच्या स्तुतीवर तर मी काडीचा विश्वास ठेवत नाही. मला खरी बातमी देते ते पातेले: कोणी न बोलावता उठून दुसऱ्यांदा घेतले, आणि दुसऱ्या दिवशी फ्रिजमधला डबा कोणी आपण होऊन उघडला. मुलगी ज्या भाजीला तोंडभर नावे ठेवते ती तिने रात्री अकराला उभ्याउभ्या चमच्याने संपवलेली मी पाहिली आहे.

मागच्या महिन्यात मी बायकोला सहज विचारले की, त्या बावीस वर्षांत माझ्या बोलण्यातले काय तिच्या लक्षात राहिले. ती फार वेळ गप्प राहिली नाही. लग्नाच्या तिसऱ्या की चौथ्या वर्षी तिने एका कंदाची भाजी केली होती, तिच्या आजीच्या पद्धतीची, मंद आचेवर बराच वेळ शिजणारी, आणि मी म्हणालो होतो, “एवढ्या वेळात एवढंच?” त्यानंतर तिने ती भाजी केली नाही. मला ते वाक्य आठवत नाही, ती भाजीही आठवत नाही. ती आमच्या घरात पूर्वी होत असे आणि मग बंद झाली, हेही माझ्या कधी ध्यानात आले नव्हते.

गेल्या रविवारी मी तिला ती भाजी मला शिकवायला सांगितले. ती ओट्याशी आली नाही, टेबलाशी बसूनच सांगत राहिली: फोडी केवढ्या करायच्या, पाणी कधी आणि किती, झाकण कधी काढायचे. दीड तासाने मी वाटीत थोडी काढून तिच्यासमोर ठेवली आणि काही न विचारता उभा राहिलो. तिने एक फोड चमच्याने मोडली, निवू दिली, खाल्ली. मग वाटी माझ्याकडे सरकवून म्हणाली, “आतून अजून कच्ची आहे. आणखी वीस मिनिटं तरी लागतील.” मी पातेले पुन्हा गॅसवर ठेवले आणि आच कमी केली.